१४३ क्लास आणि एक बिननावाची रेघ

पहिल्या दिवशी मी जे केलं, त्यालाच रिफॅक्टरिंग, म्हणजे वागणूक तीच ठेवून रचना सुधारणं, म्हणतात अशी माझी समजूत होती. आमच्या गोदामाच्या प्रणालीचा मुख्य क्लास डायग्राम, म्हणजे तिचे घटक (क्लास) चौकोनांत आणि त्यांचे संबंध रेघांत दाखवणारं चित्र, उघडला, एकमेकींवरून गेलेल्या रेघा सोडवल्या, चौकोन ओळीत लावले, ऑर्डरचे क्लास डावीकडे, स्टॉकचे उजवीकडे, वर थोडे रंग. संध्याकाळपर्यंत डायग्राम बघण्यासारखा झाला. दुसऱ्या दिवशी टीममधल्या सर्वांत जुन्या सहकाऱ्यांना दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाले, "छान आवरलंयस. आता मला सांग, मॉडेलमध्ये काय बदललं?"

मॉडेलमध्ये काडीचाही फरक पडला नव्हता.

ही प्रणाली गोदामात येणारा, साठवला जाणारा आणि बाहेर पडणारा माल सांभाळते. तिचं डिझाइन युएमएल या चित्रभाषेत होतं आणि ते भिंतीवर टांगण्यापुरतं नव्हतं. त्यातून क्लासचे सांगाडे आणि डेटाबेसची टेबलं आपोआप तयार व्हायची, बाकीचा कोड माणसं लिहायची. आठ वर्षांत त्या मॉडेलवर वीसेक जणांचे हात फिरले होते. कोडची साफसफाई अधूनमधून व्हायची, कारण कोडला टेस्ट होत्या. मॉडेलला काही बिघडलं तर ओरडून सांगणारं कोणी नव्हतं, म्हणून त्यात फक्त भर पडत गेली. कोणाला नवं काही हवं असलं की कोपऱ्यात एक चौकोन वाढायचा. शेवटी नव्या माणसाला मॉडेल समजावून सांगायला आठवडा लागू लागला आणि मग ते काम माझ्याकडे आलं.

आधी डायग्राम आणि मॉडेल यांतला फरक अंगवळणी पडावा लागला. पुस्तकात तो एका वाक्यात येतो. मॉडेलमध्ये क्लास एकदाच असतो आणि डायग्राम म्हणजे त्याच्याकडे पाहायची एक खिडकी. एकच क्लास दहा डायग्राममध्ये दिसू शकतो, एकाही डायग्राममध्ये न दिसता मॉडेलमध्ये पडूनही राहू शकतो. आमच्या टूलमध्ये उजव्या क्लिकवर शेजारी शेजारी दोन पर्याय होते, एक डायग्राममधून काढायचा आणि एक मॉडेलमधून काढायचा. तिसऱ्या दिवशी माझा हात एक ओळ खाली गेला आणि 'बॅच' हा क्लास चौदा डायग्राममधून एकदम नाहीसा झाला. अनडू होतं म्हणून वाचले. पण त्या निमित्ताने एक यादी काढायची सुचली, कुठल्याच डायग्राममध्ये नसलेल्या घटकांची. एकोणीस क्लास निघाले. मागच्या कोणीतरी ते डायग्राममधून काढले आणि मॉडेलमधून गेले असं समजून पुढचं काम हाती घेतलं. त्यांतल्या सहांची डेटाबेसमध्ये रिकामी टेबलंही बनत होती.

उलट प्रकारही सापडला. 'पत्ता' या अर्थाचे तीन क्लास होते, तीन वेगळ्या पॅकेजमध्ये (क्लासच्या गटांत). आधीचा क्लास शोधून डायग्रामवर ओढण्यापेक्षा नवा काढणं सोपं पडतं, त्याचा हा परिणाम. पत्त्याची गोष्ट पुढे येते आहे, कारण पहिली ठेच मला तिथेच लागली.

मग रीतसर पाहणी केली. कोडमधल्या खराबीला जसा वास म्हणतात तसाच मॉडेललाही वास येतो, फक्त तो वेगळ्या जागी येतो. 'ऑर्डरमॅनेजर' नावाच्या क्लासमध्ये एकसष्ट ऑपरेशन्स (क्लासने करायची कामं) होती. स्टॉक आणि बिलिंग ही दोन पॅकेजेस एकमेकांवर अवलंबून होती. असोसिएशनच्या, म्हणजे दोन क्लासमधल्या संबंधाच्या, कितीतरी रेघांना ना नाव, ना टोकाला भूमिका, ना किती ते किती याचा आकडा. काही सीक्वेन्स डायग्राममध्ये (कोण कोणाला कोणत्या क्रमाने मेसेज पाठवतो ते दाखवणारी चित्रं) ज्या ऑब्जेक्टला मेसेज जात होता त्याच्या क्लासमध्ये ते ऑपरेशनच नव्हतं, आणि काही ठिकाणी पाठवणारा नि घेणारा यांच्यात मेसेज पोहोचवणारा एकही दुवा क्लास डायग्राममध्ये दिसत नव्हता. हे शेवटचे दोन वास आमच्या कोडला कधी येत नाहीत. कंपायलर येऊच देत नाही. मॉडेलवर मात्र काहीही काढता येतं.

आकडेही काढून पाहिले. क्लास किती चांगला बांधलाय हे मोजणारी चिदंबर आणि केमेरर यांची १९९४ सालची सहा मापं या कामात सगळ्यांना पाठ असतात, त्यामुळे तीच लावली. इनहेरिटन्सची खोली (क्लासखाली क्लास अशा किती पायऱ्या) आणि मुलांची संख्या (थेट खालचे क्लास किती) नीट मोजता आली. पण क्लासमध्ये एकसंधपणा किती आहे हे मोजणारं माप मॉडेलवर लावायला गेले तर हातात काही येईना. ते माप कुठली मेथड कुठला डेटा वापरते ते बघतं आणि आमच्या ऑपरेशन्सना आतलं शरीरच नव्हतं, नुसती नावं आणि पॅरामीटर. मेथडचं वजन मोजणारं माप तर नुसत्या मेथडच्या संख्येवर येऊन थांबलं. कोडसाठी शिवलेले कपडे मॉडेलला असे कुठे ना कुठे ढगळ होतात. एकसंधपणाचा अंदाज शेवटी सीक्वेन्स डायग्राममधून घेतला. कोणती ऑपरेशन्स एकाच प्रसंगात एकत्र येतात ते कागदावर खुणा करून मोजलं. त्या खुणांमधून 'ऑर्डरमॅनेजर'चे चार तुकडे मला तेव्हाच दिसले होते, ते प्रत्यक्षात पडायला मात्र पुढचे तीन महिने लागले.

इतकं झाल्यावर मी लगेच कामाला भिडणार होते. तेव्हा त्याच सहकाऱ्यांनी दुसरा प्रश्न टाकला, "बदल केल्यावर वागणूक तीच राहिली, हे तू कशावरून म्हणणार?"

रिफॅक्टरिंगची व्याख्याच त्या अटीवर उभी आहे. बाहेरून दिसणारी वागणूक तीच ठेवायची आणि आतली रचना सुधारायची. विल्यम ऑपडाइक यांनी १९९२ साली इलिनॉय विद्यापीठात जो प्रबंध लिहिला त्यात प्रत्येक बदलाला पूर्वअटी जोडल्या होत्या. त्या पूर्वअटी पूर्ण होत असतील तरच बदल करायचा. १९९९ साली मार्टिन फाउलर यांच्या पुस्तकाने हा शब्द प्रोग्रामरांच्या तोंडी बसवला आणि तिथे भरवसा टेस्टवर होता. छोटं पाऊल टाका, टेस्ट चालवा, पुढचं पाऊल टाका. मॉडेलवर चालवायचं काय? २००१ साली टोरांटोच्या युएमएल परिषदेत गेर्सन सुन्ये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्लास डायग्राम आणि स्टेटचार्ट (एखादी गोष्ट कोणत्या अवस्थांतून जाते त्याचं चित्र) यांच्या रिफॅक्टरिंगवर निबंध मांडला होता. तो वाचला. त्यांनी कोणत्या बदलाच्या आधी काय खरं असायला हवं आणि नंतर काय खरं असायला हवं ते ओसीएलमध्ये, म्हणजे युएमएलसोबत वापरायच्या नियमांच्या भाषेत, लिहिलं होतं. वाचून धीर आला, पण आमच्या मॉडेलमध्ये ओसीएलची एकही ओळ नव्हती. आठ वर्षांचे सगळे नियम लोकांच्या डोक्यात आणि नोटच्या पिवळ्या चौकोनांत होते.

मग आम्ही एक साधा उपाय केला आणि पुढच्या सगळ्या कामात तोच आमचा आधार ठरला. ऑब्जेक्ट डायग्राम काढायचे. खऱ्याखुऱ्या परिस्थितीचे फोटो म्हणा. ही ऑर्डर, तिच्यात हे दोन आयटम, त्यांतला एक या बॅचमधला, ती बॅच या रॅकवर. असा फोटो जुन्या मॉडेलमध्ये मांडता येत असेल तर नव्या मॉडेलमध्येही आलाच पाहिजे. आणि याच्या जोडीला चुकीचे फोटो. एकच पेटी एकाच वेळी दोन रॅकवर. पाठवलेल्या ऑर्डरला एकही आयटम नाही. असे फोटो जुन्या मॉडेलने नाकारले असतील तर नव्याने स्वीकारता कामा नयेत. बरोबर फोटो सगळ्यांना चटकन सुचतात, चुकीचे सुचायला गोदामात काम केलेला माणूस लागतो. आम्ही अशा एका सुपरवायझरना दोन तास बसवून घेतलं आणि त्यांनी चहा गार होईपर्यंत एकामागून एक भानगडी सांगितल्या. एकूण एकतीस फोटो झाले, त्यांतले अठरा चुकीचे. ते तपासायला ब्रेमेन विद्यापीठात तयार झालेलं यूएसई हे टूल वापरलं. त्यात क्लास, ओसीएलचे नियम आणि ऑब्जेक्ट यांचा मेळ बसतो का ते कळतं. नियम मात्र आम्हालाच लिहावे लागले आणि त्यातच तीन आठवडे गेले. ते तीन आठवडे मॅनेजरना रिफॅक्टरिंग म्हणून पटवून देणं हे एक वेगळंच काम होतं.

आता पत्ता.

तीन क्लासांचा एक करायचा, याहून सोपं काय असणार? 'ग्राहक', 'पुरवठादार' आणि 'ऑर्डर' या तिन्हींपासून त्या एका 'पत्ता' क्लासकडे असोसिएशन काढलं आणि तेच ग्राहकाचं घर ऑर्डरलाही लागू होतं म्हणून दोघांना एकाच पत्त्याच्या ऑब्जेक्टकडे बोट दाखवू दिलं. डुप्लिकेट गेलं. मला फार आनंद झाला होता. मग फोटो तपासायला घेतले आणि सुपरवायझरनी सांगितलेला एक प्रसंग आडवा आला. ग्राहक घर बदलतो, तेव्हा मागच्या वर्षी पोचवलेल्या ऑर्डरचा पत्ता बदलता कामा नये. नव्या मॉडेलमध्ये तो बदलत होता. जुन्या मॉडेलमध्ये ऑर्डरपाशी पत्त्याची वेगळी नक्कल होती आणि मला वाटली तशी ती आळशीपणाने आलेली नव्हती. माल त्या दिवशी कुठे गेला, याची ती नोंद होती. ज्याने ती केली त्याने कारण कुठेच लिहिलं नव्हतं, हा त्याचा दोष. ते न विचारता मी पुसायला निघाले, हा माझा.

उत्तर अखेर युएमएलमध्येच होतं. 'पत्ता' हा क्लास ठेवण्याऐवजी डेटाटाइप केला. डेटाटाइपच्या ऑब्जेक्टला स्वतःची ओळख नसते, त्याची ओळख म्हणजे त्यातली मूल्यंच. त्यामुळे दोघांनी एकच पत्ता वाटून घेण्याचा प्रश्नच येत नाही, प्रत्येकाकडे आपापलं मूल्य. व्याख्या एका जागी आली आणि नोंदी वेगळ्या राहिल्या. डुप्लिकेट व्याख्या आणि डुप्लिकेट माहिती या दोन गोष्टी आहेत, हे मी आधी कितीदा तरी वाचलं असेल.

दुसरी चूक इनहेरिटन्समधली. 'खेप' या वरच्या क्लासखाली चार क्लास होते, 'इनवर्ड', 'आउटवर्ड', 'रिटर्न' आणि 'ट्रान्सफर'. पहिल्या तिन्हींत 'तपासणी' हे ऑपरेशन होतं आणि तिन्हींपासून 'तपासनीस' क्लासकडे रेघ जात होती. पाठ्यपुस्तकातला पुल अप, म्हणजे खाली सारखं असलेलं वरच्या क्लासमध्ये नेणं. ऑपरेशन आणि असोसिएशन दोन्ही वर 'खेप'मध्ये नेलं. टूलने ते दोन क्लिकमध्ये करून दिलं आणि त्याला त्यात काहीही वावगं दिसलं नाही. पण 'ट्रान्सफर' म्हणजे एका रॅकवरून दुसऱ्या रॅकवर माल हलवणं, त्याला तपासनीस नसतो. तपासनीसाच्या टोकाला एक असा आकडा ठेवला तर प्रत्येक ट्रान्सफरला तपासनीस सक्तीचा झाला आणि आमचे चार बरोबर फोटो एकदम नाकारले गेले. म्हणून आकडा शून्य किंवा एक असा सैल केला, तर तपासनीसाशिवाय आलेली इनवर्ड खेप चालू लागली आणि एक चुकीचा फोटो आत शिरला. एकाला जागा द्यायची तर दुसऱ्याची भिंत पडते.

मधे एक ॲबस्ट्रॅक्ट क्लास (ज्याचे थेट ऑब्जेक्ट बनत नाहीत) घातला, 'तपासणीयोग्य खेप'. इनहेरिटन्सची खोली एकाने वाढली, म्हणजे आकड्यांच्या हिशेबात मॉडेल थोडं बिघडलं. बिघडू दे म्हटलं. तेवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं, पण 'रिटर्न'च्या स्टेट मशीनवर (त्याच्या अवस्थांच्या चित्रावर) नजर टाकली तेव्हा कळलं की तिथल्या 'तपासणी'चा अर्थच निराळा आहे. इनवर्डमध्ये तपासणी म्हणजे माल स्वीकारायचा की नाही. रिटर्नमध्ये माल आधीच आत घेतलेला असतो, तपासणी फक्त ग्राहकाला पैसे परत द्यायचे का ते ठरवते. नाव तेच, पॅरामीटर तेच, परिणाम वेगळा. कोणी 'तपासणीयोग्य खेप' या प्रकारावर 'तपासणी' बोलावली असती तर रिटर्नच्या बाबतीत त्याच्या पदरात भलतंच पडलं असतं. खालचा क्लास वरच्याच्या जागी ठेवला तरी काम बिघडता कामा नये, हे बार्बरा लिस्कोव्ह यांचं प्रतिस्थापनेचं तत्त्व मुलाखतीत सगळेच सांगतात, मीही सांगितलं होतं. रिटर्नमधल्या ऑपरेशनचं नाव आधी 'परतावा निर्णय' केलं आणि मग ते वर न्यायचा प्रश्न आपोआप मिटला. तेव्हापासून मी एक क्रम पाळते. आधी नावं नीट करायची, मग हलवाहलव. निम्मी साम्यं नुसती नावाची निघतात.

तिसरी गोष्ट स्टेट मशीनची आणि त्यावर मी थोडी रेंगाळणार आहे, कारण तिने मला खरं घाबरवलं. 'ऑर्डर'च्या स्टेट मशीनमध्ये सतरा अवस्था होत्या. त्यांतल्या अकरांपासून 'रद्द'कडे बाण जात होता, अकराही बाणांवर तोच इव्हेंट आणि तीच कृती, राखून ठेवलेला साठा मोकळा करा. चित्र कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसायचं. असं असलं की त्या अकरा अवस्था एका मोठ्या अवस्थेच्या पोटात घालायच्या आणि मोठीच्या कडेवरून 'रद्द'कडे एकच बाण काढायचा, ही रूढ पद्धत. मोठ्या अवस्थेला 'प्रक्रियेत' असं नाव दिलं. आतल्या अवस्थेला त्याच इव्हेंटवर स्वतःचा बाण असेल तर युएमएलमध्ये आतल्याला अग्रक्रम मिळतो, म्हणून तसं कुठे आहे का तेही तपासलं. नव्हतं. अकरा बाणांचा एक झाला.

इथे हात आवरायला हवा होता. पण बाणावरची साठा मोकळा करण्याची कृती मला तिथे खटकली. 'प्रक्रियेत' सोडताना साठा मोकळा व्हायचा आहे ना, मग ती त्या अवस्थेची एक्झिट कृती करावी, जास्त नेटकं दिसेल. केली. नेटकं दिसलं. क्लास डायग्राममध्ये काही बदललं नव्हतं, ओसीएलचे नियम शांत होते, एकतीसच्या एकतीस फोटो पास झाले. मी कमिट केलं आणि घरी गेले.

दोन दिवसांनी एक ज्युनिअर मुलगी सीक्वेन्स डायग्राम ताडून बघत होती. तिने हाक मारली, "ताई, माल पाठवतानापण साठा मोकळा होतोय का?" एक्झिट कृती अवस्था सोडताना चालते, कुठल्याही कारणाने सोडली तरी. 'प्रक्रियेत' मधून ऑर्डर दोन वाटांनी बाहेर पडत होती, रद्द होऊन किंवा गाडीत चढून. दुसऱ्या वाटेनेही आता राखीव साठा मोकळा होणार होता. म्हणजे गाडीत चढलेला माल सिस्टिमला रॅकवर शिल्लक दिसला असता आणि तो दुसऱ्या कोणाला तरी विकला गेला असता. फोटोंनी हे पकडलं नाही, कारण फोटो एका क्षणाचा असतो. कोणता क्षण कशानंतर आला हे त्यात दिसत नाही. त्या दिवशी आम्ही फोटोंच्या जोडीला प्रसंगही धरले, इव्हेंटची एक माळ आणि प्रत्येक इव्हेंटनंतरची अपेक्षित अवस्था व कृती. असे बारा प्रसंग. ते हाताने, दोघांनी बसून, एकाने वाचायचे आणि दुसऱ्याने स्टेट मशीनवर बोट फिरवायचं. कंटाळवाणं काम आहे, पण आमच्या टूलमध्ये दुसरा मार्ग नव्हता.

आणि कृती पुन्हा बाणावर गेली.

'ऑर्डरमॅनेजर' फोडण्याबद्दल खरं तर सर्वांत जास्त लिहायला हवं, वेळ तिथेच सर्वांत जास्त गेला. पण सांगण्यासारखं त्यात कमी आहे. ऑपरेशन एका क्लासमधून दुसऱ्यात नेलं की ज्या ज्या सीक्वेन्स डायग्राममध्ये त्याचा मेसेज आहे तिथे बाण आता दुसऱ्या लाइफलाइनला (दुसऱ्या ऑब्जेक्टच्या उभ्या रेघेला) जायला हवा. आमच्या टूलने ऑपरेशन हलवलं, बाण जागच्या जागी ठेवले. अडतीस डायग्राम हाताने दुरुस्त करायचे होते. पहिले नऊ दुरुस्त केल्यावर लक्षात आलं की त्यांतले चार ज्या फीचरबद्दल आहेत ते फीचर केव्हाच बंद झालंय. मग उरलेल्यांची आधी छाननी केली आणि सोळा डायग्राम सरळ काढून टाकले, या वेळी योग्य ओळीवर क्लिक करून. यावर टीममध्ये वाद झाला. काही जणांचं म्हणणं होतं की इतिहास म्हणून ठेवावेत. इतिहास व्हर्जन कंट्रोलमध्ये (प्रत्येक कमिटची, म्हणजे बदलाची, नोंद ठेवणाऱ्या यंत्रणेत) आहे, मॉडेलमध्ये फक्त आज खरं असलेलंच असावं, असं मला वाटतं. आणि चुकीच्या डायग्रामपेक्षा नसलेला डायग्राम परवडतो.

स्टॉक आणि बिलिंगमधलं चक्र एका इंटरफेसने (नुसती ऑपरेशन्स ठरवून देणाऱ्या कराराने) सुटलं. स्टॉकला बिलिंगकडून एकच गोष्ट हवी होती, एखाद्या ऑर्डरचे पैसे आले का. तेवढं सांगणारा इंटरफेस स्टॉकच्या पॅकेजमध्ये ठेवला आणि बिलिंगने तो राबवला. बाण उलटला. अर्ध्या दिवसाचं काम.

व्हर्जन कंट्रोलचा मात्र एक त्रास नोंदवायला हवा. आमचं मॉडेल एक्सएमआय फाइलमध्ये, म्हणजे मजकुराच्या रूपात, साठवलं जायचं आणि त्यात क्लासची व्याख्या नि चौकोनाची जागा शेजारी शेजारी लिहिलेली असायची. एखादा मोठा डायग्राम थोडा सरकवला की फरकात शेकडो ओळी लाल-हिरव्या व्हायच्या आणि खरा बदल त्यात कुठेतरी दडलेला असायचा. म्हणून नियम केला, एका कमिटमध्ये एकच रिफॅक्टरिंग आणि मांडणीतला बदल त्याच्यासोबत कधीच नाही. दुसरा नियम, नाव बदलायचं असेल तर बदलायचं, जुना क्लास पुसून नवा काढायचा नाही. नवा काढला की त्याचा आयडी बदलतो आणि रिक्वायरमेंटकडून त्याच्याकडे येणारे दुवे तुटतात. दिसायला दोन्ही सारखंच दिसतं.

पाच महिन्यांनी आढावा झाला. मॅनेजरनी पहिलाच आकडा विचारला, क्लास किती होते, किती झाले. १४३ चे १६६ झाले होते, तेही एकोणीस बेवारस क्लास काढल्यावर. "अगं, कमी व्हायला हवे होते ना?" मी 'ऑर्डरमॅनेजर'चे चार तुकडे दाखवले, 'तपासणीयोग्य खेप' दाखवला, ओसीएलचे नियम दाखवले. त्यांनी मान डोलावली, पण पटलं असावं असं वाटलं नाही.

अनपेक्षित तक्रार जुन्या लोकांकडून आली. मॉडेल आधीपेक्षा समजायला अवघड झालंय म्हणे. आधी राग आला. मग एकाने सांगितलं, "ग्राहक वर उजव्या कोपऱ्यात असायचा. आता शोधावा लागतो." त्यांच्या डोक्यात मॉडेल म्हणजे एक नकाशा होता आणि मी पहिल्याच दिवशी, म्हणजे एकही खरा बदल करायच्या आधी, त्यातली सगळी गावं हलवली होती. लिंडलँड, सिंद्रे आणि सॉल्व्हबर्ग या तिघांनी १९९४ साली मॉडेलच्या गुणवत्तेचे तीन थर सांगितले होते. भाषेचे नियम पाळले गेले का, मांडलेलं खरं आणि पुरेसं आहे का, आणि वाचणाऱ्याला ते कळतं का. पहिल्या दोन थरांसाठी मी पाच महिने झटले आणि तिसऱ्याची वाट एका संध्याकाळी लावली. मुख्य डायग्राममधले दहाबारा मोठे क्लास शक्य तितके जुन्या जागी परत नेले. वेगळ्या कमिटमध्ये.

सगळं संपलं असं म्हणता येत नाही, कारण एक रेघ अजून तशीच आहे. 'पुरवठादार' आणि 'बॅच' यांच्यात एक असोसिएशन आहे, ना नाव, ना भूमिका, दोन्ही टोकांना चांदणी (म्हणजे कितीही). बॅच कोणी पुरवली हे सांगणारी वेगळी, नीट नाव असलेली रेघ आहेच, म्हणजे ही दुसरंच काही सांगते. कोणत्याच सीक्वेन्स डायग्राममध्ये तिचा वापर नाही. डेटाबेसमध्ये मात्र तिचं टेबल आहे आणि त्यात ओळी आहेत, नवीनसुद्धा. कोण भरतंय ते आम्ही शोधलं, कोडमध्ये तरी सापडलं नाही. काढून टाकावी असं मला तीनदा वाटलं. पत्ता आठवला आणि तिन्ही वेळा थांबले. सध्या तिला एक पिवळी नोट चिकटवली आहे, 'अर्थ माहीत नाही, विचारल्याशिवाय हात लावू नये', खाली तारीख. मागच्या आठवड्यात त्या नोटखाली दुसऱ्या कोणीतरी आणखी एक ओळ लिहिली. 'कोणाला विचारायचं?'